नळात करंट आहे का

३ एप्रिल, गुरुवार

आज पुन्हा! बायकोने नळाला हात लावला आणि पाण्याचा गडवा सुटला हातातून. फरशीवर आपटला, घरंगळत माझ्या खाटेपर्यंत आला. विचारलं, "काय झालं वं?" म्हणाली, "काई नाई. करंट मारते हा नळ."

चार दिवसांत तिसऱ्यांदा.

रोशन तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. नळ मुठीत घट्ट धरला आणि आम्हाला दाखवला – "कुठं हाये करंट? आई, शुगर हाये तुले. डॉक्टर म्हणालते न, बोटाले मुंग्या येतीन म्हणून." मग सूनबाईने, रंजिताने, धरून पाहिला. काही नाही. मीही धरला. काहीच नाही!

शालूने गडवा उचलला, विसळला, पदर हाताला गुंडाळून पुन्हा भरला.

(वहीत तिचं नाव लिहितो. तोंडाने बेचाळीस वर्षांत घेतलेलं नाही.)

दिवसभर एकच विचार. नळात असेल तर कुठेतरी एक तार तोडली की संपलं. तिच्या बोटांत असेल तर काय तोडायचं?

४ एप्रिल, शुक्रवार

टेस्टर लावून पाहिला. पेटला नाही. नळाला, पाइपाला, मोरीच्या भिंतीला – कुठेच नाही. दुपारी कुलरच्या पत्र्यालाही लावला. मागच्या उन्हाळ्यात नदीपलीकडच्या गावात एक बाई कुलरमध्ये पाणी भरताना चिकटून गेली. तेव्हापासून हिने कुलरजवळ बादली नेली की मी बटणापाशी जाऊन उभा राहतो. कुलर ठीक आहे.

रोशनने टेस्टर काढून घेतला. "बाबा, किती खेपा सांगतलं, बोर्डाले हात लावू नका." दिवाळीत माळ लावताना माझ्याकडून बोर्ड जळला. त्या दिवसापासून घरातल्या विजेची मला मनाई. शिक्षण माझं सातवीपर्यंतच. पण चाळीस वर्षं मळ्यातली मोटर मीच बांधली, मीच सोडली. ते कोणाला आठवत नाही. बोर्ड आठवतो!

७ एप्रिल, सोमवार

वर्ध्याला नेलं तिला. डॉक्टरने तळव्यांना टाचणीसारखं काहीतरी टोचलं. "समजते का?" प्रत्येक वेळी ती हो म्हणाली. मला नाही वाटत तिला समजत होतं. ती शाळेतल्या पोरीसारखी, मास्तरला आवडेल ते उत्तर देत होती.

"बारा वर्षांची शुगर आहे, नसांवर परिणाम होणारच." दोन नव्या गोळ्या. एक सकाळी, एक संध्याकाळी. बंद करायच्या नाहीत, असं दोनदा म्हणाले.

परत येताना बसमध्ये हळूच म्हणाली – "पण नळालेच काऊन होते जी? बसच्या दांड्याले तं नाई झालं."

मी खिडकीबाहेर पाहिलं. 

८ एप्रिल, मंगळवार

गोळ्यांनी ती दिवसभर गुंगीत. वांग्याची भाजी करपली. तिच्या हातची भाजी आजवर करपलेली पाहिली नव्हती.

९ एप्रिल, बुधवार

बबनराव गावात जळालेल्या मोटरींची तार नव्याने गुंडाळून देतो. त्याच्याकडे जाऊन बसलो. त्याने हातातलं यंत्र एका मोटरीला लावलं, आकडा आला, मान हलवली, मोटर बाजूला ठेवली. मी सगळं सांगितलं. म्हणाला, "टेस्टर हाव का नाई, तेवढंच सांगते. तेही धड नाई. थोडा करंट असला तं पेटतच नाई. किती हाये ते मीटर सांगते."

मी म्हणालो, दे मग एक दिवस.

"माहं मीटर मी बायकोलेही देत नाई, किसनभाऊ!"

येऊन पाहा म्हटलं. शेतकऱ्यांच्या मोटरी पडल्या आहेत, पंधरा दिवस उठता येत नाही, असं म्हणाला. मग मलाच घ्यावं लागणार. रोशनला सांगायचं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

वर्ध्यात तीन दुकानं फिरलो. पहिल्यात गर्दी. दुसऱ्यातला माणूस मोबाइलमधून वर पाहत नव्हता. तिसऱ्यात एक मुलगी होती, मागून कोणीतरी अंजू म्हणून हाक मारत होतं. तिने विचारलं, "काय पाह्यजे काका?"

"मीटर."

"बिलाचं का मोजाचं?"

मोजायचं, म्हणालो. तिने काचेवर तीन मांडली. एक पिवळं, चपटं, साबणाच्या वडीएवढं – दोनशे ऐंशी. एक जाड, रबराचं जाकीट घातलेलं – साडेसातशे. तिसऱ्याला वर खेकड्यासारखी नांगी, त्याची किंमत ऐकून मी ते हातातच घेतलं नाही.

"कशासाठी पाह्यजे?"

घरचंच काम आहे, म्हणालो. पुढचं कसं सांगायचं दुकानात?

"मंग हे जाकीटवालं घ्या. पिवळं पोट्टे शाळेच्या प्रोजेक्टले नेतात. सेल मोजा, रिमोट मोजा, ठीक हाये."

"आकडा तर दोन्ही दाखवतात न?"

"आकडा दोन्ही दाखवतात, काका. हातात कोणतं फुटते, तो फरक हाये."

मला वाटलं, महाग खपवायला बोलते आहे. एकदाच तर मोजायचं आहे. पिवळं घेतलं.

घरी येऊन बॅटरीचा सेल मोजला. दीड व्होल्ट! बरोबर दीड! पिशवीत गुंडाळून धान्याच्या कोठीमागे ठेवलं. छातीत धडधड. चोरी केल्यासारखी.

११ एप्रिल, शुक्रवार

फुटलं.

रोशन कामावर गेल्यावर म्हटलं, आधी बोर्डात घालून पाहू, दोनशे तीसच्या जवळ आलं तर मीटर खरं. मधलं चाक फिरवलं. चाकाभोवती वीस खुणा! कुठे थांबवलं ते आता आठवतं – घोड्याच्या नालेसारखी खूण होती तिथे. मला ती खूण करंटची वाटली. पिना आत घातल्या आणि फट्! निळा जाळ, काळा धूर, घरातली लाइट गेली.

रंजिता धावत आली. "मामाजी! हात दाखवा आधी!" हाताला काही नाही. बोर्डावर काळा डाग. तिने मेन बंद करून तो पुसला, फ्यूजला तार मी घातली. म्हणाली, "मी नाई सांगत त्याईले." मग थोड्या वेळाने – "पण तुमाले काई झालं असतं तं मी काय सांगतलं असतं?"

शालू गोळीच्या गुंगीत होती. आवाजाने उठली, दारात उभी राहिली. माझ्या हातातला पिवळा तुकडा पाहिला.  जाऊन झोपली.

१२ एप्रिल, शनिवार

रंजिताने सांगितलं नाही. रोशनने फ्यूजमधली नवी तार पाहिली. त्यानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१५ एप्रिल, मंगळवार

आज सकाळी पुन्हा नळ. या वेळी ती ओरडली नाही. फक्त हात झटकून पदरात लपवला, कोणी पाहिलं का ते पाहिलं. मी पाहिलं.

दहाची बस धरली. मी दुकानाच्या पायरीवर होतो तोच अंजू म्हणाली – "फुटलं न?"

मान हलवली. वाटलं, हसेल. हसली नाही. जाकीटवालं काढलं. "कशासाठी पाह्यजे ते खरं सांगा आता."

सांगितलं. आमच्याकडची बाई म्हणते नळात करंट आहे, घरचे म्हणतात शुगर आहे. कोणतं खरं ते पाहायचं आहे.

तिने मीटर काचेवर ठेवलं. "काका, मीटर शुगर नाई सांगत."

"करंट नाही हे तर सांगेल न?"

"हाव. तेवढं सांगीन."

मग तिने गिऱ्हाइकं थांबवून मला शिकवलं. व्ही अक्षर, त्यावर वाकडी रेघ – घरातली लाइट. व्हीवर सरळ रेघ – सेल. नाल – लाइन बंद असली तरच, नाही तर कधीच नाही! हे सगळं खोक्याच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहून दिलं. मीटरला खाली तीन भोकं. काळी पिन मधल्यात, लाल उजव्यात. तिसऱ्या भोकावर तिने स्वतः चिकटपट्टी लावली. "हे तुमच्यासाठी नाईच. समजा की नाईच." माझ्याकडून तीन वेळा दुकानातला बोर्ड मोजून घेतला. दोनशे एकतीस, दोनशे एकतीस, दोनशे तीस. मागे उभा असलेला एक माणूस म्हणाला, "बुढ्याले नोकरीले ठेवतं काय, अंजू?" ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा लवकर शिकले ते."

बसमध्ये पुठ्ठा चार वेळा वाचला.

१६ एप्रिल, बुधवार

दुपारी मोजलं. तिला बाजूला उभं केलं. लाल पिन नळाला, काळी पिन फरशीला. चाक वाकड्या रेघेवर – दोनदा पाहिलं.

चार. सात. पुन्हा मोजलं – तीन.

"किती हाये?"

"तीन."

"तीन म्हंजे?"

"म्हणजे काही नाही."

ती नळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग मीच." एवढंच. आत गेली आणि संध्याकाळची गोळी दुपारीच घेतली. कोणी सांगितलं नसताना.

मी मीटर हातात घेऊन मोरीत उभा. हरलो असं वाटलं. कोणाशी, ते माहीत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

सापडलं! 

पहाटेच उठून ओट्यावर बसलो होतो. उजाडलं होतं. शालू अंघोळ करून आली. देवाचं पाणी भरायचं म्हणून उंबऱ्यापाशी चप्पल काढली. बेचाळीस वर्षं काढते! देवाच्या पाण्याला चप्पल घालून कोणी जातं का? ओले पाय, ओली मोरी, अनवाणी. नळाला हात लावला आणि झटका खाल्ला.

आणि आम्ही? रोशनच्या पायात सॅन्डल. रंजिताच्या पायात रबरी चप्पल. माझ्याही. टेस्टर धरला तेव्हाही, नळ धरला तेव्हाही. आणि मी मोजलं कधी? भर दुपारी, कोरड्या फरशीवर! तिच्या वेळेला, तिच्यासारखं कोणी मोजलंच नाही.

धावत जाऊन मीटर आणलं. मोरीचं पाणी जिथे मातीत जिरतं तिथे काळी पिन चिखलात रोवली. लाल पिन नळाला.

एकाहत्तर!

एकाहत्तर!! ओरडलोच मी. रोशन धावत आला. आकडा पाहिला. मला वाटलं, मीटर हिसकावून घेईल. त्याने वाकून सॅन्डल काढली, ओल्या मोरीत पाय ठेवला आणि एका बोटाने नळाला शिवला.

"आई गं!"

मग बराच वेळ बोट चोळत तिथेच उभा. शालूने विचारलं, "लागला न?" तिच्या तोंडावर हसू होतं. पोराला झटका बसला आणि आई हसते! "मले वेड नाई लागलं मंग."

वेड कोणीच म्हणालं नव्हतं. तिने ते एकटीनेच मनात धरलं होतं इतके दिवस.

आजपासून नळ बंद. पाणी हातपंपाचं. आणि गोळ्या बंद! रोशन म्हणाला, डॉक्टरला विचारू. मी म्हणालो, डॉक्टरने नळ पाहिला होता का? टाचणी टोचून सांगितलं त्याने. मी मोजून सांगतो. पाकीट आणि दवाखान्याची फाइल दोन्ही उचलून मी ठेवून दिली. शालूने नाही म्हटलं नाही. तिलाही ती गुंगी नकोच होती.

साखरेची जुनी गोळी तेवढी चालू. मी काही अगदीच अडाणी नाही.

१९ एप्रिल, शनिवार

करंट येतो कुठून? रात्रभर तळमळलो. पहाटे बाजूच्या मळ्यातून मधुकररावची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि डोक्यात चमकलं. हीच वेळ! मोटर सुरू होते आणि हिला झटका बसतो. त्याची तार जमिनीवरूनच गेली आहे, तीन ठिकाणी सोललेली. मी स्वतः पाहिली आहे.

मळ्यात तो कोथिंबीर-सांबाराच्या वाफ्यात पाणी फिरवत होता. मी बांधावरूनच सुरू केलं. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. "माझ्या बायकोला मारायला निघालास" असंही बोललो.

"माह्या मोटरचा करंट तुह्या नळात कसा येईन बे? पायी चालत येईन काय?"

मी मीटर दाखवलं. म्हणालो, एकाहत्तर आहे.

"तुह्या मीटरले म्हणा, माही मोटर मोज. माह्या बापाले नको शिकवू!"

वय सत्तर आणि पासष्ट. दोघे बांधावर उभे राहून पोरांसारखे भांडलो. 

२० एप्रिल, रविवार

मधुकररावने मोटर बंद ठेवली. स्वतःहून. सकाळी कुंपणाशी येऊन उभा राहिला – "मोज आता. आज दिवसभर बंद हाये. वाफे सुकले तं सुकले."

मोजलं. त्याच्यासमोर.

एकोणसत्तर.

मान वर करवेना.  तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत आकडा पडला – एकोणसत्तर, आणि एकदम सहा. रंजिता उठून बाहेर आली.

"काय केलं वं तू आता?"

"मी? काई नाई, मामाजी. कुलर बंद केला."

पुन्हा लाव म्हटलं. लावला. अडुसष्ट. बंद – सहा.

आमचंच घर! आमच्याच घरात आहे.

मधुकरराव कुंपणावरून म्हणाला, "मोटर लावू मंग मी?" आणि गेला.

२१ एप्रिल, सोमवार

रोशन कामावर गेल्यावर मेन बंद केलं आणि नळाचा पाइप हाताने चाचपत निघालो. मोरी, मागची भिंत, भिंतीतून आत, माळ्याखाली. तिथे सरपणामागे पाइपावर काळी तार गुंडाळलेली. तीन वेढे. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि पट्टीला, विहिरीत मोटर सोडायच्या दोराला मारतात तशी गाठ.

ही गाठ गावात कोण बांधतं? मी बांधतो.

तिथेच खाली बसलो.

दोन वर्षांपूर्वीचा मे. खांबावरची ठंडी तार जळाली, म्हणजे करंट परत जायची वाट. गरम तार घरात येत होती, पण परत जायला रस्ता नाही, म्हणून काहीच चालेना. पाच दिवस कोणी आलं नाही. शालूला ताप. अंग भाजत होतं तिचं, आणि बाहेरही आग. तेव्हा मी तेच केलं जे आमच्याकडे सगळे करतात. बोर्डातून परतीची तार काढली आणि नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली. पाइप जमिनीत, करंट जमिनीत. पंखा फिरला! तिला झोप लागली. मी किती खूश होतो त्या दिवशी!

मग खांब दुरुस्त झाला. तार काढायची राहून गेली. दोन उन्हाळे काहीच झालं नाही, कारण पाइप जमिनीत खोल गेलेला. या जानेवारीत नव्या नळ योजनेवाले आले, अंगणातला लोखंडी पाइप कापला आणि काळा प्लास्टिकचा जोडला. भिंतीतला आमचा तुकडा तेवढा लोखंडाचा राहिला, लोंबकळत. आता त्यात आलेला करंट जाईल कुठे? कुठेच नाही. कोणी ओल्या अनवाणी पायांनी हात लावीपर्यंत तो तिथेच.

एवढे दिवस मी कोणाकोणाला शिव्या दिल्या. नळाला, कुलरला, डॉक्टरला, मधुकररावला.

तार पक्कडीने तोडली. वेढे सोडवले. गुंडाळी करून सरपणाच्या तळाशी टाकली. मेन लावलं, कुलर लावला, चिखलात पिन रोवली.

शून्य.

पण आनंद झाला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

कुलर आज फारच मंद. म्हणजे खांबावरचा जोड पुन्हा ढिला झाला आहे, कुलर लागला की परत न जाणारा करंट माझ्या तारेने नळात येत होता. बोर्डात मोजलं, कुलर चालू असताना दीडशेसुद्धा नाही! रोशनला आकडा सांगितला. त्याने मोबाइलवर तक्रार टाकली – बाबांनी मीटरवर मोजलं आहे, असं त्यात लिहिलं. वाचून दाखवलं मला.

तार मीच बांधली होती, हे त्याला नाही सांगितलं. 

२४ एप्रिल, गुरुवार

लाइनमन आला. खांबावर चढला. जोड काळाठिक्कर पडलेला. बदलून दिला. कुलर असा फिरला की कॅलेंडर उडालं! बोर्डात दोनशे चोवीस. नळात शून्य.

रोशन शेजाऱ्यांना सांगत होता, "बाबांनी शोधून काढलं. मी तं आईलेच येड्यात काढलं होतं." मीटर हातात घेऊन वरखाली पाहिलं त्याने. "चांगलं घेतलं. महाग नाई ना पडलं?" मी पिवळ्याबद्दल बोललो नाही. रंजिता पदर तोंडाला लावून आत गेली.

संध्याकाळी मधुकररावकडे गेलो. माफी मागितली. दोष खांबावरच्या जोडाचा होता म्हणालो. अर्धं खोटं.

"सांबाराचा एक वाफा गेला माहा. तुह्या मीटरनं पाणी देता येते काय?" पण चहा पाजला.

२५ एप्रिल, शुक्रवार

शालूला सांगितलं. ती गहू निवडत होती. तार, गाठ, सायकलची ट्यूब, सगळं. "मीच करंट लावला होता तुला. माझ्या हाताने."

निवडत राहिली.  मग म्हणाली, "ते तापाचे दिवस न? झोप तं लागली होती मले."

एवढ्यावर सोडून दिलं! मला चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी तिने अनवाणी देवाचं पाणी भरलं. मी चिखलात पिन रोवून बसलेला. नळ धरून ठेवला तिने, मुद्दाम, किती वेळ. "पाहा. काईच नाई."

२८ एप्रिल, सोमवार

आजही तेच. मीटर पाहायच्या आधी मी तिच्या तोंडाकडे पाहतो. दहा दिवस झाले त्या गोळ्या बंद करून. गुंगी नाही, भाजी करपत नाही. सकाळी अंगणात झाडताना गुणगुणत होती. डॉक्टरांना एकदा भेटून सांगावं म्हणतो, की नळाचा इलाज माझ्याकडे होता!

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. पुरणाची कणीक मळत होती. मध्येच थांबली. दोन्ही हात कणकेतून वर काढून बोटांकडे पाहत राहिली. म्हणाली, "अजी, तुमचं मीटर आणा. ह्या कणकेतही करंट हाये."

हसत म्हणाली नाही. आणलं. परात कोरड्या फरशीवर होती, जवळ तार नाही, नळ नाही. तरी दोन्ही पिना कणकेत खुपसल्या. शून्य. चाक पाहिलं, वाकडी रेघच होती. पुन्हा खुपसल्या. शून्य. "कधीपासून?" विचारलं. म्हणाली, "नळाचं बंद झालं, हे झालंच नाई बंद. सहा-सात दिवसांपासून जास्तच हाये. तुमी इतके खुश होते."

ती मीटरकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

"सेल गेला असन त्याचा," म्हणाली.

"हाव, सेलच गेला असन," म्हणालो. आणि दवाखान्याची फाइल शोधायला आत गेलो.